मोती, तार आणि तासाचे पैसे



मंडळाच्या हळदीकुंकवात, गणपतीतल्या स्टॉलवर आणि हल्ली फोनवरही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही दागिने करता ना? मलाही करायचेत हो. सुरुवात कुठून करायची?" विचारणाऱ्यांमध्ये नुकतं लग्न होऊन या शहरात आलेल्या मुली असतात आणि मुलं मार्गी लागल्यावर हात रिकामे झालेल्या माझ्या वयाच्या बायकाही असतात. दोन मिनिटांत सांगण्यासारखं हे काम नाही. म्हणून संपादकांनी "एकदा सविस्तर लिहाच" म्हटल्यावर वही काढून बसले.

आधी माझ्याबद्दल थोडं. माझं माहेर परभणीचं, सासर हैदराबादेतलं काचीगुड्याचं. आमच्या घरात कुणी सोनार नाही की व्यापारी नाही. सासरे सरकारी नोकरीत होते, हे खासगी कंपनीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादेत राहिलेली आपली मराठी घरं इथलीच होऊन गेली. त्यांतलंच आमचं एक. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी. या तीन भाषांचा मला धंद्यात फार उपयोग झाला, हे पुढे सांगेनच.

मोत्यांचं शहर आणि आपले दागिने

हैदराबादला मोत्यांचं शहर म्हणतात, पण इथे समुद्र नाही आणि मोती पिकतही नाही. या शहराचं कसब मोती विंधण्यात, निवडण्यात आणि ओवण्यात आहे. निजामाच्या काळात इराणच्या आखातातले मोती बसऱ्याच्या बाजारातून येत, म्हणून ते 'बसरा मोती'. निजामाचे जे दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यांत बसरा मोत्यांचा सातपदरी हारही आहे. सालारजंग संग्रहालयात हे दागिने मांडले होते, तेव्हा रांग लावून पाहणाऱ्यांत आमचं घरही होतं.

पुढे जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती तयार करून दाखवला. संवर्धित मोती बाजारात आले तसा आखातातला पाणबुड्यांचा धंदा बसत गेला. आज पत्थरगट्टीच्या दुकानांत जो मोती आपण पाहतो तो बहुतेक चीनमधल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा असतो. तोही खराच मोती. शिंपल्यातच वाढलेला, फक्त माणसाने वाढवलेला. हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं: "खरे आहेत का?"

आता आपले दागिने आठवून पाहा. नथ, कुडी, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, मोत्यांच्या बांगड्या. पेशवाई दागिन्यांतला निम्मा पसारा मोत्यांचाच. मोती इथे, दागिना तिकडे पुण्या-मुंबईकडे, आणि मुलीच्या लग्नात नथ हवी असली की आपण रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांकडे ती मागवतो! माझा धंदा उभा आहे तो नेमका या फटीत. तुम्ही जिथे राहता तिथे अशी एखादी फट असतेच. इंदूर-ग्वाल्हेरला असाल तर वेगळी, बेळगावला असाल तर आणखी वेगळी. आधी ती शोधा. दागिने सगळेच करतात. तुमच्या गावात कुणाला काय हवं असतं आणि काय मिळत नाही, ते तुम्हालाच ठाऊक असतं.

हात कुठे शिकला

२०१८ मध्ये सासूबाईंच्या तन्मणीचा दोरा कुजून तुटला. त्यांच्या लग्नातला तन्मणी, त्यामुळे घरात जणू माणूस आजारी पडल्यासारखं वातावरण! एक-दोन सराफांनी "नवा घ्या" म्हटलं. शेवटी सुलतान बाजाराच्या बाजूला एका जिन्याखाली बसणारे म्हातारे पटवेकरी सापडले. मोत्यांचे सर गाठवणं, मंगळसूत्रं गाठवणं, मागचा रेशमी दोरा नि गोंडा करणं, एवढंच त्यांचं काम. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होता. "माझी नजर गेली, बाई. मी सांगतो, तुम्ही ओवा," असं ते म्हणाले आणि मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले.

तन्मणी पुरा व्हायला चार दुपारी लागल्या. त्यानंतरही मी दर गुरुवारी जात राहिले. आठ महिने. रेशमाला मेण किती लावायचं, दोन मोत्यांमधली गाठ मोत्याला टेकून कशी बसवायची, पाच सर एकाच लांबीचे दिसावेत म्हणून आतला सर किती आखूड ठेवायचा, खोड मधोमध कसं तोलायचं. (तन्मणीच्या मधल्या जडावाच्या पदकाला खोड म्हणतात.) यातलं काहीही मला व्हिडिओत मिळालं नसतं. व्हिडिओ हात दाखवतो, पण दोरा किती ओढायचा ते दाखवू शकत नाही. ते शेजारी बसूनच कळतं.

तेव्हा धंद्याचा विचारही नव्हता. तो आला २०२० मध्ये. टाळेबंदीत ह्यांचा पगार निम्म्यावर आला आणि लेकीच्या कॉलेजची फी मात्र पुरीच्या पुरी. हौस म्हणून शिकलेली कला तेव्हा डब्यातून बाहेर निघाली.

पहिला दागिना साखरेचा

माझी पहिली कमाई मोत्यांची नाही, हलव्याची. जानेवारी २०२१. शेजारच्या वहिनींच्या नातवाचं बोरन्हाण होतं आणि हलव्याचे दागिने पाठवणारं कुणी मिळेना. काटेदार हलवा त्यांनी नात्यातून मागवला होता, मी फक्त दागिने केले. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, बासरी. त्यांनी फोटो टाकले आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मला आणखी आठ संच मिळाले. नव्या सुनांचेही होते त्यात, काळ्या साडीवर घालायला मंगळसूत्र, नथ, कंबरपट्ट्यासकट.

एकूण नऊ संच, प्रत्येकी ७०० रुपये. ६,३०० आले. हलवा, पुठ्ठा, जर, दोरा, खोकी यांत २,१०० गेले. हातात राहिले ४,२००. ही रक्कम मी मुद्दाम सांगते आहे, कारण "भांडवल किती लागतं?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हलव्याच्या दागिन्यांना भांडवल जवळजवळ लागत नाही. ऑर्डर घेऊन मग सामान आणायचं. हंगाम ठरलेला, गिऱ्हाईक ठरलेलं, आणि दागिना पुढच्या वर्षी पुन्हा हवाच असतो, कारण बाळाच्या भोवतीची मुलं तो खाऊन टाकतात! पहिली परीक्षा म्हणून याहून चांगला दागिना नाही. फक्त दमट हवेत हलवा पाघळतो. आमच्याकडची कोरडी थंडी त्याला मानवते. गोवा-कोकणाकडच्या मैत्रिणींनी तो देईपर्यंत हवाबंद डब्यात ठेवावा.

त्या ४,२०० मध्ये घरखर्चातले ३,००० घातले आणि ७,२०० रुपयांत मोत्यांचं काम सुरू केलं. त्याचा हिशोब असा:

मोत्यांच्या सहा लडी, ७०० ची एक: ४,२००
खडे, जाळ्या, हूक, दाब वगैरे: १,३००
डब्या आणि पिशव्या: ७००
तीन पकडी (चपटी, गोल तोंडाची आणि कापणारी): ६००
तार आणि रेशीम: ४००

टेबल घरातलं, दिवा लेकीचा अभ्यासाचा.

मोती घेताना

पत्थरगट्टीत पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानातल्या चाचांनी मला परतच पाठवलं. "बाई, मोती देखना है तो दोपैर को आओ. ट्यूब की लाइट में सब मोती सफेदच दिखते." हा धंद्यातला पहिला धडा मला फुकट मिळाला. तेव्हापासून मोती मी दिवसाउजेडी, दुकानाच्या दारात, पांढऱ्या कापडावर ठेवून बघते.

काय बघायचं? आधी चमक. चांगल्या मोत्यात खिडकीची कड स्पष्ट दिसते, हलक्या मोत्यात नुसता पांढरा धुरकट डाग. मग आकार. पूर्ण गोल मोती सगळ्यात महाग. बटणासारखा एका बाजूने चपटा मोती त्याहून स्वस्त, आणि नथीला, कुडीला तोच बरा, कारण चपटी बाजू आत बसते. तांदळासारखा लांबट मोती बांगड्यांना आणि पदरांना चालतो. मग वेज. भोक मधोमध आहे का आणि काठ तडकलेला नाही ना, हे बघायचं. वेज तिरका असेल तर तुम्ही कितीही कसबी असा, सर सरळ पडत नाही.

खरा-खोटा ओळखण्याची घरगुती रीत बऱ्याच जणींना माहीत आहे. दातावर हलकेच घासला की खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काच आणि प्लास्टिक गुळगुळीत. ही रीत खरी आहे, पण तिने फक्त खोटा मोती गळतो. मोत्याची प्रत त्यावरून कळत नाही. दोन मोती एकमेकांवर हळूच घासले तरी तोच खरखरीतपणा जाणवतो, आणि तेच करावं. दुकानदारालाही ते बरं वाटतं!

खडे आणि जाळ्या घेताना एका गोष्टीत काटकसर करू नका. कानात जाणारी काडी. स्वस्त मिश्रधातूत निकेल असतं आणि पुष्कळ बायकांच्या कानाला त्याने खाज सुटते, पाणी येतं. मी काडी चांदीची किंवा सर्जिकल स्टीलची वापरते. जोडीमागे पंधरा-वीस रुपये जास्त जातात, पण "तुमच्या कुड्या घालून दिवसभर कान दुखला नाही" हे वाक्य मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त गिऱ्हाइकं देतं.

किंमत कशी ठरवायची

मंडळी, लेखातला हा भाग कृपा करून दोनदा वाचा.

एका दाबाच्या नथीचं उदाहरण घेते. दाबाची नथ म्हणजे नाक टोचलेलं नसलं तरी बसते ती. आताच्या मुलींमध्ये तिलाच मागणी जास्त.

सात बटण मोती, सरासरी १२ रुपयांचा एक: ८४
लाल आणि हिरवा खडा: २६
तार आणि दाब: २०
डबी, पिशवी, माहितीचं कार्ड: ३०

झाले १६०. इथे आपल्यातल्या बहुतेकजणी थांबतात आणि नथ दोनशेला देऊन टाकतात. "चाळीस सुटले की! तसाही दुपारचा वेळ जातोच." हा जो "तसाही वेळ जातोच" आहे ना, त्याने बायकांचे जितके घरगुती उद्योग बुडाले असतील तितके तोट्याने बुडाले नसतील, असं माझं मत आहे.

मला एक नथ करायला ५० मिनिटं लागतात. तासाचे १२० रुपये धरले तर मजुरी १००. आता झाले २६०. फुटलेले मोती, बिघडलेली तार, रिक्षा, वीज, पकडीची झीज यासाठी त्यावर १५ टक्के, म्हणजे ३९. एकूण २९९. हा माझा खरा खर्च. नफा अजून यायचाच आहे. मी ती नथ ४२० ला विकते आणि दुकानदाराने दहाच्या वर घेतल्या तर ३४० ला देते. त्याखाली नाही, कितीही ओळखीचं माणूस असलं तरी नाही.

मजुरी धरायची हे मला कुणी शिकवलं ते सांगते. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सुरुवातीला त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. "धंदा म्हणू नकोस गं, छंद म्हण. चारचौघांत बरं दिसतं," असं म्हणायच्या. मग एक दिवस दुपारी कंटाळून माझ्याजवळ बसल्या आणि मखमलीच्या तुकड्यावर मोती आकाराप्रमाणे लावू लागल्या. त्यांची बोटं माझ्यापेक्षा हलकी. चार मिलिमीटर आणि साडेचार मिलिमीटर त्या नुसत्या बोटाने ओळखतात. आठवडाभर त्यांनी ते काम केलं आणि शनिवारी विचारलं, "मग, माझे तासाचे किती?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांना लडीमागे २५ रुपये ठरले. दर शनिवारी रोख. ते त्यांच्या बटव्यात जातात आणि त्यांचा हिशोब विचारायचा नाही, असा अलिखित करार आहे. ज्या दिवशी त्यांची मजुरी वहीत लिहिली, त्याच दिवशी त्याच पानावर माझीही लिहायला लागले. छंद हा शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

खरे म्हणजे खरे

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. एका लग्नघरातून साठ नथींची विचारणा आली, वऱ्हाडातल्या बायकांना भेट द्यायला. दर १५० चा आणि डबीवर छापून हवं होतं, 'अस्सल हैदराबादी मोती'. दीडशेत खरा मोती बसत नाही, हे तुम्ही वरचा हिशोब वाचून सांगू शकाल. मी म्हटलं, कृत्रिम मोत्यांच्या १९० ला करून देते, सुंदर दिसतील, पण डबीवर 'कृत्रिम मोती' असं लिहीन. त्या बाई म्हणाल्या, "अहो, कोण दातावर घासून बघणारे?"

साठ गुणिले दीडशे, नऊ हजार रुपये. लेकीच्या फीचा हप्ता पुढच्याच आठवड्यात होता. रात्री मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "नाव तुझं आहे डबीवर. तू ठरव." दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत आणि तो हप्ता आम्ही माझ्या दिरांकडून उसने घेऊन भरला. चांगुलपणाचं फळ लगेच मिळतं असं मी सांगणार नाही, मला तरी ते लगेच मिळालं नाही.

पण तेव्हापासून प्रत्येक डबीत एक कार्ड जातं. मोती कोणता: गोड्या पाण्यातला, शेल मोती की काचेचा. धातू कोणता. काडी कशाची. जे असेल त्यावर खूण. कृत्रिम मोत्यांचे दागिने मीही करते, त्यात कमीपणा काहीच नाही. रोज ऑफिसला घालायला तेच बरे. फक्त जे आहे ते त्याच नावाने विकायचं. आज माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जुनी गिऱ्हाइकं किंवा त्यांच्या नात्यातली माणसं आहेत. कार्ड त्यांनी जपून ठेवलेलं असतं, दुरुस्तीला येताना घेऊन येतात.

उधारी आणि कागद

एका दुकानाने माझ्या तीस नथी "विकल्या की पैसे" म्हणून ठेवून घेतल्या होत्या. आठ महिन्यांनी त्यांतल्या अकरा परत आल्या, काळवंडलेल्या. उरलेल्या एकोणीसचे ३०० प्रमाणे ५,७०० व्हायला हवे होते. हातात आले ३,०००, बाकीचे "पुढच्या महिन्यात". तो महिना अजून उजाडलेला नाही. छोट्या उद्योगात असं बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येतं. आता माझा नियम साधा आहे. दुकानाला माल देताना निम्मे पैसे आधी, बाकीचे ३० दिवसांत, आणि चलनावर दोघांची सही. लग्नाच्या ऑर्डरला निम्मा आगाऊ, बाकी माल घेताना. यावर कुणी रागावलं तर रागावू द्यावं.

कागदपत्रांना घाबरू नका. 'उद्यम' नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बँकेत उद्योगाचं वेगळं खातं काढा. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं, पण माझा सल्ला असा की पहिलं वर्ष आलेल्या पैशांतूनच माल घ्यावा. मोती आणि कृत्रिम दागिने दोन्हींवर जीएसटी ३ टक्के आहे. तेलंगणात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकताना नोंदणीची सक्ती नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत आणि हस्तकलेच्या यादीतल्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे. तुमचा दागिना त्यात बसतो का, हे तुमच्या सीएला एकदा विचारूनच पुण्याला पार्सल करा.

विक्रीबद्दल एवढंच सांगते की फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कुणाच्या तरी कानात-नाकात घालून काढावेत. नुसत्या डबीतल्या नथीवरून ती नाकात केवढी दिसेल ते कळत नाही. आणि भाषा! माझी निम्मी गिऱ्हाइकं आता तेलुगू आहेत. त्यांच्या मुलींना सिनेमातली मराठी नथ हवी असते. त्यांना नथ शब्द शिकवते, त्या मला मोत्याला 'मुत्यम्' म्हणतात ते शिकवतात. शेजारच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बांगड्या आणि आपली मोत्यांची कुडी असा एकत्र संच मी गेल्या दिवाळीत करून पाहिला. पंचवीस केले होते, धनत्रयोदशीच्या आधी संपले.

घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

वाचकांत करणाऱ्यांपेक्षा घालणाऱ्या जास्त असणार, म्हणून त्यांच्यासाठीही. मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. अत्तर, पावडर, केसांचा फवारा आधी, मोती मग. घाम आणि आंबट पदार्थ मोत्याची चमक खातात. काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून, कापडात गुंडाळून ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवू नका. सोन्याच्या दागिन्यांबरोबर एका डब्यात टाकलेत तर ओरखडे मोत्यालाच पडतील. नेहमी घालत असाल तर दोन वर्षांनी सर नव्याने गाठवून घ्या. दोरा तुटण्याची वाट पाहू नका. लग्नाच्या गर्दीत तुटलेल्या सराचे सगळे मोती कधीच मिळत नाहीत.

आज कुठे आहे

महिन्याला साधारण साठ ते सत्तर दागिने होतात, लग्नसराईत जास्त. मोठी रक्कम नाही, पण लेकीची शेवटच्या दोन वर्षांची फी यातूनच गेली आणि दिरांचे पैसे तर पहिल्याच दिवाळीत परत केले. ती आता बेंगळुरूला नोकरी करते. ह्यांचा पगार पूर्ववत झाल्यावर "आता कशाला दगदग?" असं दोघा-तिघांनी विचारलं. मी त्यांना ऑर्डरची वही दाखवली.

ज्यांच्याकडे शिकले ते पटवेकरी बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. जिन्याखालची ती जागा आता झेरॉक्सवाल्याकडे आहे. बाबांनी मेण लावण्याचा एक लाकडी तुकडा मला दिला होता. मधोमध दोऱ्याने कापलेली खोल खाच आहे त्याला, त्यांच्या वडिलांपासूनची. तो मी रोज वापरते.

दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच माझ्याकडे तिघीजणी शिकायला येतात. एक मराठी, एक तेलुगू, एक पलीकडच्या गल्लीतली उर्दू बोलणारी मुलगी. फी नाही. अट एकच, पहिले तीन महिने फक्त गाठ. नथ नाही, कुडी नाही, फोटो नाही. गाठ मोत्याला टेकून बसली की मग पुढचं. चौथीसाठी एक स्टूल रिकामं आहे. जिला यायचं असेल तिने मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावं, आणि येताना चष्मा विसरू नये.